डॉक्टरबाईंनी बाबांना विचारलं

आज कोथिंबीर निवडताना सेवाग्रामच्या मानसोपचार दवाखान्यातली एक सकाळ आठवली. सोळाव्या वर्षी मी शाळा सोडली होती, घरात बोलणंही बंद केलं होतं. बाबा बाजारात भाजी उतरवून तसेच मला घेऊन आले होते. त्यांच्या हातांना कोथिंबिरीचा वास येत होता.

डॉक्टरबाईंनी आधी बाबांनाच विचारलं, "तुम्ही कसे आहात?"

बाबा म्हणाले, "मले बी झोप नाई लागत, बाई. हे पोरगी रातच्याले निघून जाईन, म्हून दाराशी झोपतो."

मला वाटायचं, ते माझ्यावर चिडून तिथे झोपतात. मी त्यांचा हात धरला.

"मी कुठं नाई जात, बाबा."

पुढे वर्षभर आम्ही तिथे जात राहिलो. डॉक्टरबाई दर वेळी दोघांनाही विचारायच्या.