शाळा-चिठ्ठी क्रमांक एक

बहारीनमध्ये बसून मुंबईचं आणि दिल्लीचं अशी दोन्ही सरकारं एकट्याने चालवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या शेजारच्या खाटेवर झोपत असे. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मनामा शहरातल्या नईम वस्तीत, एका जुन्या घरात, एका खोलीत आम्ही तिघे राहायचो: मी कोकणातला, सातवीत शाळा सोडून एसी दुरुस्तीला लागलेला, साताऱ्याकडचा ड्रायव्हर सदाभाऊ, आणि आमचे पेन्शनर काका. काकांची बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. काकांनी सारा जन्म मंत्रालयात विधेयकांच्या स्वच्छ प्रती टाइप करण्यात घालवला. मुदतीआधी निवृत्ती घेऊन इथल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून आले, पण जिभेवरची कलमं काही तिकडे ठेवून आले नाहीत. दारामागे त्यांनी खोलीचे नियम चिकटवले होते. 'कलम चार, पोटकलम ब: जो दूध संपवील तो दूध आणील.' एकदा सदाभाऊंनी कानावर हात ठेवले, "मी फक्त शेवटचा घोट घेतला हो." काका शांतपणे म्हणाले, "'संपवील' यात शेवटचा घोटही येतो. व्याख्या वाचा." व्याख्या खरोखरच खाली, बारीक अक्षरात होती.

शुक्रवारी सुट्टी. सगळ्यांना जयभीम घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून, काका खाटेवर मांडी घालत आणि आपलं विधेयक पुढे ओढत. त्याचे दोन भाग. पहिला, पेन्शनवर कर नसावा. "एकदा घाम गाळला तेव्हा कर दिला. आता म्हातारपणी त्याच घामावर पुन्हा?" दुसरा, सरकारने शिक्षणाचा पैसा शाळेला न देता चिठ्ठीच्या रूपाने आईबापाच्या हातात द्यावा. "मग पोर शाळेच्या दारात उभं राहणार नाही, शाळा पोराच्या दारात येईल." हे ऐकताना, फी राहिली म्हणून दप्तरासकट वर्गाबाहेर उभा असलेला मी मला दिसायचो, आणि मी उगाच पाना शोधायला लागायचो. सदाभाऊ मात्र सोडत नसत. "काका, तुमचं बिल पास होईस्तोवर आमची पोरं आजोबा होतील." काका मान वर न करता म्हणत, "मग त्यांना भाग पहिला उपयोगी पडेल." कर केंद्राचा विषय म्हणून पहिला भाग दिल्लीला जाई, दुसरा मुंबईला. उत्तर कुठूनच येत नसे. काका म्हणत, "नकार तरी कुठे आलाय?"

अशात माझी थोरली सातवी पास झाली. गावची शाळा तिथेच संपत होती. पुढची तालुक्याला, खाजगी. कंपनीत आमचे पगार अडकलेले. मी म्हटलं, "बापासारखंच. सातवी, खलास." काका चिडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून एक कागद टाइप करून आणला. 'शाळा-चिठ्ठी क्रमांक १. धारक विद्यार्थिनीस कोणत्याही शाळेने प्रवेश द्यावा. कायदा होईपर्यंत शासनाची जबाबदारी खाली सही करणाराच्या पेन्शनवर राहील.' मी तो भीतभीतच घरी धाडला. माझ्या बायकोचा टाइप केलेल्या कागदावर फार विश्वास. तिने तो थेट हेडमास्तरांपुढे ठेवला. त्यांचं पत्र आलं: 'अशी योजना ऐकिवात नाही. मसुदा मात्र निर्दोष आहे. प्रवेश दिला आहे.'

तेव्हापासून माझी झोप उडाली. पेन्शनवाल्याला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असा हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे पोरीची शाळा काकांच्या श्वासावर. ते खोकले की मी पंखा बंद करायचो. ते उकडून उठायचे. "अरे, मला जगवतोयस की शिजवतोयस?"

दुसऱ्या नोव्हेंबरात काका हॉस्पिटलात होते. वकिलातीतला बाबू मला म्हणाला, "आदमी सामने चाहिए." काका उठलेच. टॅक्सीवाला मुहर्रकचा म्हातारा बहारीनी. काका मागच्या सीटवर डोळे मिटून पुटपुटत होते, "हयाती... हयातीचा..." अरबीत हयाती म्हणजे 'माझ्या जिवा', लाडक्या माणसाला म्हणतात तसं. म्हाताऱ्याने आरशात पाहिलं आणि खांदे हलेपर्यंत हसला. "यल्ला, हयाती, यल्ला!" म्हणजे चला, माझ्या जिवा, चला. शिक्का बसला. जिना उतरताना काका म्हणाले, "आणखी एक वर्ष कायदेशीर."

वर्ष मिळालं नाही. फेब्रुवारीत ते गेले. त्यांना विमानात चढवून आल्यावर मी माझ्या वाकड्या अक्षरात हेडमास्तरांना लिहिलं, की सही करणारा आता नाही, पेन्शन बंद, तेव्हा चिठ्ठी संपली. पोर नववीपर्यंत आली हेच आमच्यावर उपकार. महिन्याभराने उत्तर आलं. 'चिठ्ठी पुन्हा वाचली. तीत मुदतीचे कलम नाही. सबब ती अद्याप हयात आहे, असे शाळा धरते. मुलगी दहावीला इथेच बसेल.'

सदाभाऊ म्हणतात, काका मुदत लिहायला विसरले, वय झालं होतं. दुधाच्या शेवटच्या घोटाची व्याख्या करणारा माणूस विसरेल का? मी वाद घालत नाही.

दिल्लीहून काही आलं नाही, मुंबईहूनही नाही. शेजारच्या खाटेवर आता नवा माणूस आहे. दूध संपलं की तो दारामागे जातो, कलम चार वाचतो, खालची व्याख्याही वाचतो, आणि मुकाट्याने चपला घालतो.