माळ्यावर ठेवलेला खेळ

लातुरात वैजनाथ टीव्हीवाल्यापुढं गेमचा विषय काढायचा असेल, तर आधी घरी सांगून यावं, उशीर होईल म्हणून. समोर दोन कूलर उघडे पडलेले असू देत, होस्टेलवाल्या बाईचा मिक्सर असू दे, गडी हातातला पेचकस खाली ठेवणार म्हणजे ठेवणार.

"आजकालच्या गेमा? छ्या! त्याला गेम म्हणत न्हाईत. जरा कुठं वाट चुकायला लागलो की बाण दाखवायलंय, हिकडं जा, तिकडं जा. आरं, तुलाच सगळं ठाऊक हाय तर तूच खेळ की! मला कशाला बसवलास?"

आणि हे तर नुसतं सुरुवातीचं. मोबाईलच्या गेमांचं नाव काढलं की त्याच्या कपाळाची शीर उडायची. मधेच तेलाची जाहिरात काय येते, पैसे भरले की मोठी तलवार काय मिळते! "म्हणजे ज्याचा बाप मालदार त्यो शूर! हे गावात बघतोच की मी, टीव्हीत कशाला बघू?" ज्या गेमला शेवट नाही ती गेम नाही, नोकरी आहे, असं त्याचं ठाम मत होतं. बंदुकीच्या गेमा त्याला वर्ज्य नव्हत्या, पण कानाला हेडफोन लावून कुठल्या तरी देशातल्या अनोळखी पोराला शिव्या देत खेळणं त्याला पटलं नाही ते नाहीच. गेम म्हणजे एक टीव्ही, दोन रिमोट आणि कोपराला कोपर लावून बसलेली दोन माणसं. एक खड्ड्यात पडला की दुसऱ्यानं त्याला येड्यात काढायचं. हे नसेल तर काय उपयोग? पत्त्यांचा डाव एकट्यानं मांडल्यासारखं.

आता चाळिशी ओलांडलेल्या, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या माणसाचं हे असलं वेड. लोक हसायचे. हसू देत बापडे.

त्याचं गाव औसा तालुक्यात, काळ्या रानातलं. भूकंप झाला तेव्हा वैजनाथ मॅट्रिकच्या वर्गात होता. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. सकाळी घर नव्हतं, आई नव्हती, आणि पाठचा भाऊ सिद्धराम, जो याच्या अंगावर पाय टाकून झोपायचा, तोही नव्हता. त्याबद्दल वैजनाथ कधी बोलला नाही. आपणही जास्त बोलू नये.

पत्र्याच्या शेडात राहायला गेल्यावर मदतीचे ट्रक यायला लागले. देणाऱ्यांची मनं मोठी, पण अंदाज कुणाला होता? ऑक्टोबरच्या उन्हात लोकरीचे कोट आले, जरीच्या साड्या आल्या, गळ्यात बांधायचे टाय आले. आणि कुणा शहरातल्या लेकरानं दिलेला एक टीव्ही गेमचा खोका वैजनाथच्या हातात पडला. शेडात टीव्ही तर नव्हताच, लाइटही नव्हती. बाप अमृतराव खोक्याकडं बघून म्हणाला, "हे काय चुलीत घालावं का डोक्यात?" बिचाऱ्याचं तोंड तेवढं एकदाच त्या महिन्यात उघडलं असेल.

वैजनाथनं खोका काखेत मारला आणि एस. टी.नं लातूर गाठलं. गंजगोलाईच्या बाजारामागं खाजामियाँचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. म्हातारा भला माणूस. दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी टीव्हीला त्यांनी वायरी जोडल्या, आणि काळ्या काचेवर निळं आभाळ आलं. एक इवलंसं माणूस, उड्या मारणारं. पडलं की मरायचं आणि पुन्हा उभं राहायचं.

"अरे, ये तो दो रिमोट हैं बेटा," खाजामियाँ म्हणाले. "दुसरा कोण धरतो?"

"कुणी न्हाई, चाचा."

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला आणि दुसरा रिमोट स्वतः धरला. पहिल्याच खड्ड्यात 'या अल्लाह' करून पडले! पुढं कितीतरी वर्षं ते त्याच पहिल्या खड्ड्यात पडत राहिले. वैजनाथ त्यांच्याकडं कामाला राहिला, काम शिकला, आणि त्यांच्या माघारी त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. एक मात्र होतं. विटांच्या भिंती ढासळवायची एक कॅसेट तेव्हा फार जोरात होती, गावभर पोरं ती खेळायची. ती त्यानं कधी लावली नाही. कुणी लावलीच तर हा पानाच्या टपरीवर जाऊन उभा राहायचा.

पुढं लग्न झालं. बायको उमा हुशार, पण तिला ह्या उड्या मारणाऱ्या माणसाचं कौतुक कधी वाटलं नाही. "लग्नाआधी कुणी सांगितलं असतं ना," ती म्हणायची, "तर मी देवळात जाऊन बसले असते." दुसरा रिमोट कपाटात गेला.

तो बाहेर काढला दीपमालानं. लेक चार वर्षांची असेल. बापाशेजारी येऊन बसली, रिमोट उलटा धरला आणि सरळ खड्ड्यात उडी मारली. पडली आणि खदाखदा हसली. पुन्हा पडली, पुन्हा हसली. बाप ओरडला, "अगं बये, उडी मार ना!" तर ती म्हणाली, "मला पडायचंच हाय!" वैजनाथला काय झालं कुणास ठाऊक, डोळे पुसत तो कितीतरी वेळ हसत राहिला. भूकंपानंतर तो असा हसलेला कुणी बघितला नव्हता. उमासुद्धा स्वयंपाकघरातून बघायला आली.

बाप-लेकीचं तेव्हापासून जे मेतकूट जमलं ते जमलं. 'हजार गेमा एकात' असं छापलेल्या कॅसेटी दोघं आणायची, आणि आत त्याच सात गेमा निघाल्या की दोघं मिळून कंपनीला शिव्या घालायची. लाइट गेली की सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून! त्यावरही दोघं भांडायची, लाइट तुझ्यामुळंच गेली म्हणून. दीपमाला आठवीत गेली तेव्हा नांदेडला वजिराबादेत जाऊन त्यांनी एक जुनं पण चांगलं, गेम जिथं सोडली तिथं ठेवणारं यंत्र आणलं, आणि त्याच्यासोबत एक गेम. बुडालेल्या देशातून वाट काढणारे दोन प्रवासी. एकानं दगडावर उभं राहून दार धरून ठेवायचं, तेव्हा दुसरा पार होणार. एकट्याला पुढं जाताच येत नाही. वैजनाथ म्हणाला, "दुनियेत शहाणा माणूस एकच हाय, ज्यानं ही गेम बनवली." तीन वर्षं सुट्ट्या-सुट्ट्यांनी खेळत ती दोघं शेवटच्या दरवाजापाशी येऊन ठेपली.

आणि दीपमाला दहावी झाली. मार्क असे पडले की गल्ली पेढे मागायला आली.

लातुरात अशा मार्कांचं पुढं काय होतं ते सांगायला नको. बाहेरगावची मंडळी लेकरासाठी इथं खोली घेऊन राहायला येतात, मग इथल्याच माणसानं मागं राहून कसं चालेल? आमच्याकडं ही एक रीतच पडली आहे. लेकरू अकरावीला गेलं की घर सुतकात बसल्यागत होतं. डिशची वायर काढून टाकतात. आवाज न करता भांडी घासतात. कुणाच्या लग्नाला जात नाहीत. आणि जो तो काहीतरी सोडतो. आई गोड सोडते, आजोबा तंबाखू सोडतात. लेकराचा डॉक्टरकीला नंबर लागेपर्यंत. नवसासारखंच.

वैजनाथनं गेम सोडली. त्यात काय मोठं, असं वाटेल, पण त्याच्याकडं सोडायला दुसरं होतं काय? यंत्र त्यानं जुन्या चादरीत बांधलं, स्टूल लावून माळ्यावर ठेवायला निघाला. दीपमाला दारात उभी होती.

"पप्पा, तेवढा शेवटचा दरवाजा करू ना. मग ठेवा."

"आता न्हाई. नंबर लागला की," तो म्हणाला. "पेढे आणि दरवाजा एकाच दिवशी. हाय का न्हाई मजा?"

तिनं मान डोलावली. त्याला वाटलं, आपण लेकीला हिंमत दिली. त्याच्या मनात पाप नव्हतं हो! पण आयुष्यभर ज्या गोष्टीत त्यानं मार्क बघितले नाहीत, तीच गोष्ट त्यानं मार्कांना टांगून ठेवली. हे त्याला तेव्हा कळलं नाही, आणि कुणाला कळावं असं एक घरही आजूबाजूला नव्हतं. गल्लीभर हेच चाललं होतं.

दोन वर्षं पोरगी पहाटे उठून गेली आणि दिवेलागणीनंतर आली. जेवताना समोर प्रश्न, केस विंचरताना प्रश्न. आधी ती शिकवणीतल्या सरांची नक्कल करून दाखवायची, मग ते बंद झालं. आधी ती मैत्रिणींची नावं घ्यायची, मग नुसते त्यांचे मार्क सांगायला लागली. वैजनाथ दुकानात होस्टेलांचे कूलर दुरुस्त करत बसायचा, आणि कुणी गेमचं काढलं तर म्हणायचा, "सध्या उपास हाय."

डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा निकाल लागला. नंबर लागला नाही. थोडक्यात गेला, पण थोडक्यात गेला तरी गेलाच. दीपमाला भिंतीकडं तोंड करून बसली. वैजनाथला राहवेना. त्यानं स्टूल लावलं, चादरीचं गाठोडं खाली काढलं आणि तिच्यापुढं आणून ठेवलं. "चल गं. जाऊ दे ते. दरवाजा उघडू आपण."

तिनं गाठोड्याकडं बघितलंसुद्धा नाही. "वर ठेवा, पप्पा. नंबर कुठं लागलाय?"

"मी म्हणायलोय ना, जाऊ दे म्हणून..."

"तुम्हीच ठरवलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्यानं गाठोडं वर ठेवलं. आणखी एक वर्ष, पुन्हा तीच शिकवणी, तीच पुस्तकं. त्या वर्षात वैजनाथला एकच ध्यास लागला होता. डॉक्टर होवो न होवो, आपली ती खड्ड्यात उड्या मारणारी पोर आपल्याला परत मिळू दे. उमाला त्यानं एकदा तसं बोलून दाखवलं. उमा म्हणाली, "नंबर लागू द्या, आपोआप हसायला लागेल." तिचंही काळीज तुटतच होतं, पण आशेवर माणूस काय काय ढकलत नेतो.

दुसऱ्या वेळी एमबीबीएसचं जमलं नाही. नांदेडला आयुर्वेदाला नंबर लागला. पाहुणे म्हणाले, डॉक्टर ती डॉक्टरच की! पेढे वाटले. श्रावणातली दुपार होती. दीपमालाची बॅग भरून झाली होती, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. वैजनाथनं गाठोडं उतरवलं, यंत्राची धूळ फुंकली, वायरी साफ केल्या. टीव्ही लागला. गेम जिथं ठेवली होती तिथंच होती, दोघं प्रवासी दरवाजापाशी उभे.

"ये गं माझ्या वाघिणी," तो म्हणाला आणि बसायला जागा केली.

दीपमाला आली. ताठ बसली, मधे जरा अंतर ठेवून. रिमोट बरोबर धरला. आणि खेळली, अगदी चोख खेळली. आधी सगळा पडदा बघून घ्यायची, मग हलायची. वैजनाथनं मुद्दाम एकदा तिला धक्का मारून पाण्यात पाडलं, पूर्वी यावरून घर डोक्यावर घ्यायची ती.

"सॉरी," दीपमाला म्हणाली.

"अगं, मी पाडलं तुला!"

"माझं लक्ष नव्हतं. सॉरी, पप्पा."

पुढं ती आणखी दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा सॉरी म्हणाली, हळू आवाजात, जसं वर्गात म्हणत असेल. मग त्यानं दगडावर उभं राहून दार धरलं, तिचा प्रवासी पार झाला, तिनं पलीकडून दार धरलं, हाही पार झाला. दरवाजा उघडला. समुद्रावर ऊन पडलं आणि संगीत वाजायला लागलं. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच. वैजनाथनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"माझ्यामुळं तीनदा चुकलं. त्याचे वजा होतात का?"

"न्हाई गं बाई," वैजनाथ म्हणाला. "ह्यात मार्क नसतात."

मग तिनं बापाकडं वळून विचारलं, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं, टोमणा नव्हता त्यात कसलाच. "मग खेळायचं कशाला, पप्पा?"

हा प्रश्न त्याला बापानं विचारला होता, बायकोनं विचारला होता, गिऱ्हाइकांनी हसत हसत विचारला होता, आणि प्रत्येकाला त्यानं पेचकस खाली ठेवून तासभर उत्तर दिलं होतं. आज त्यानं हातातला रिमोट तेवढा खाली ठेवला. आणि त्याचे डोळे वाहायला लागले. दीपमाला घाबरली. आपलं काही चुकलं असं तिला वाटलं असावं. तिनंही रिमोट खाली ठेवला, वायर नीट गुंडाळली, आणि हात मांडीवर ठेवून विचारलं, "पप्पा, उठू का मी?"

"हाव, ऊठ," वैजनाथ म्हणाला.