दोन नागरत्ना आणि आमच्या अक्का

प्रबंध कुठल्याही विषयाचा असो, अक्का आधी त्याचा ऋणनिर्देश वाचायच्या. शीर्षक नाही, सारांश नाही. थेट ते पान, जिथे संशोधक आईवडिलांचे, मार्गदर्शकांचे आणि कधीकधी कँटीनवाल्याचेही आभार मानतो. मैसुरूच्या आमच्या संशोधन संस्थेत सगळे प्रबंध डिजिटल भांडारात चढवण्याचं काम चालायचं. प्रत्येकाला लेखक, विषय, साल, मार्गदर्शक अशी माहिती जोडायची, म्हणजे मेटाडेटा भरायचा. तो चुकला तर प्रबंध असून नसल्यासारखा. अक्का त्या विभागाच्या प्रमुख, आणि मी नाशिकहून आलेला, प्रोबेशनवरचा, स्वतःला फार शहाणा समजणारा त्यांचा सहकारी.

"आभार कशाला वाचत बसता?" मी एकदा विचारलं.

"माणूस तिथंच खरं बोलतंय रे," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानावर सगळे डॉक्टरच. यारू, म्हणजे कोण, कुठला, कुणाचा मुलगा, ते आत असतंय."

अक्कांचं घराणं मूळचं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं, कित्येक पिढ्या देवराज मोहल्ल्यात रुजलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की माझं मराठी ऐकून त्यांनाच हसू यायचं. "बातम्या सांगतोयस काय?" म्हणायच्या. एखादी नोंद पूर्ण झाली की त्या दुसऱ्या संगणकावर जात आणि काहीच ठाऊक नसलेल्या परक्या माणसासारखा तो प्रबंध शोधून बघत. "आमचे अप्पा म्हणायचे, रंग पक्का की कच्चा, ते धुतल्यावर कळतंय. अष्टे, एवढंच." त्यांची एक नोंद होईपर्यंत माझ्या तीन व्हायच्या. मला मनातून त्यांची कीव यायची.

त्याच तोऱ्यात मी घोटाळा केला. अक्का रजेवर असताना एकसारखी लेखकनावं शोधून एकत्र करणारा प्रोग्राम लिहिला आणि चालवून मोकळा झालो. आमच्याकडे महाराष्ट्रात नावापुढे वडिलांचं नाव आणि आडनाव लागतं. तेव्हा सगळं तंतोतंत जुळलं की माणूस एकच, असं मी धरून चाललो. इथे बहुतेकांना आडनावच नसतं. आधी गावाचं आद्याक्षर, मग वडिलांचं, मग नाव. एच. एस. नागरत्ना दोन होत्या. मी त्यांची एक करून टाकली.

आठवड्याभराने धाकट्या नागरत्नाचा फोन आला. त्याच दुपारी एका कॉलेजात तिची प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती. सकाळी कागदपत्रं तपासताना निवड समितीने आमचं भांडार उघडलं, तर तिचा प्रबंध थोरल्या नागरत्नाच्या, म्हणजे एका निवृत्त प्राध्यापिकेच्या खात्यावर. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून सांगतेस का, असं तिला तोंडावर विचारलं होतं. माझं कन्नड तेव्हा जेमतेम होतं, पण रडणं समजलं.

अक्कांनी तळघरातून दोन्ही प्रबंध स्वतः काढून आणले आणि ऋणनिर्देशाची पानं माझ्यापुढे उघडली. एकीचे वडील हुणसूरचे शिवण्णा, शाळामास्तर. दुसरीचे एच. डी. कोटे गावचे सिद्दय्या, 'या प्रबंधातलं एक अक्षरही त्यांना वाचता येणार नाही, तरी तो त्यांचाच आहे,' असं लेकीने लिहिलेलं. मी घाईघाईने नोंदी वेगळ्या केल्या. "झालं अक्का. कुणाला कळणारसुद्धा नाही."

माझ्यावर त्या चिडल्या त्या एवढ्या एकदाच. "कळायलाच पाहिजे! सकाळी एकीच्या खात्यावर, दुपारी दुसरीच्या. पोरीनंच वशिला लावून बदलून घेतलं, म्हणतील. नोंदीखाली लिही: कुणी बिघडवलं, कसं, काय बघून सुधारलं."

नोंदीखालची टीप साऱ्या जगाला दिसते. माझं प्रोबेशन संपायला एक महिना राहिला होता. "माझी नोकरी जाईल, अक्का."

"तिची तर मिळायच्या आधीच चाललीय," अक्का म्हणाल्या.

मी लिहिलं, नावानिशी. अक्कांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावून ती टीप उघडायला लावली आणि ते वाचेपर्यंत फोन ठेवला नाही. मुलाखत झाली, नेमणूकही झाली. पुढचे कित्येक दिवस आम्ही माझ्या प्रोग्रामने जोडलेली एकेक जोडी ऋणनिर्देश वाचून सोडवत बसलो. अक्कांनी टोमणा मारला नाही. डबा खाताना फक्त विचारायच्या, "आज किती माणसं परत आणलीस?"

आता अक्का निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या खुर्चीवर मी बसतो, आणि पगारापेक्षा त्या खुर्चीचाच मला अभिमान आहे. माझी नोकरी टिकली तेव्हा वाटलं होतं, संचालकांनी ती टीप वाचलीच नसावी. परवा जुन्या फायली स्कॅन करताना माझ्या प्रोबेशनचा अहवाल हाती आला. मी केलेला घोटाळा त्यात अक्कांनी तारखेसकट नोंदवला होता. त्याखाली, त्यांच्याच अक्षरात, एक ओळ होती: "स्वतःची चूक स्वतःच्या नावाने लिहितो. कायम करावे."