बाहेर पडायचा दर

कुणी वाकडं वागलं की ते भांडत नसत. गळ्यातल्या टॉवेलचं एक टोक हातात घेत, त्याला सावकाश गाठ मारत आणि म्हणत, "असू दे. गाठ पडंल की कवातरी."

हे आमच्या गल्लीचे शूटिंगवाले मामा. हॉल कुठलाही असो, लग्न कुणाचंही असो, कॅमेऱ्यामागं तो टॉवेल ठरलेला. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला दगड मारला तर विसरेल, टोमणा विसरणार नाही.

एका जावळाच्या जेवणात आचाऱ्यानं त्यांना पांढरा रस्सा म्हणून गरम पाणी वाढलं होतं. गाठ बसली. पुढं कधीतरी त्याच आचाऱ्याच्या मुलीचं लग्न आलं. मामांनी झकास काढलं, फक्त आचारी जिथं जिथं दिसला तिथं त्याचं डोकं वरून कापलेलं. तो जाब विचारायला आला तर म्हणाले, "रस्सा पातळ झालता, म्हून माणूस पण जरा कमी आला."

मग महापुराचं पाणी दुकानात शिरलं आणि कपाटाच्या खालच्या फळ्यांवरची लग्नं गेली. संसार शाबूत, लग्नं वाहून गेलेली. मामा ओल्या डिस्का उन्हात पापडासारख्या पसरून दिवसभर राखत बसले होते. एकही वाळली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याच्या एका क्लाउड कंपनीचा प्रतिनिधी गल्लीत आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं तुपातलं. "काका, टेन्शन घेऊ नका. उरलेली लग्नं आता ढगात ठेवायची."

मामा वर बघून म्हणाले, "ढगातनंच तर पाणी आलतं."

पण ठेवली. उरलेल्या डिस्कांना पुढं ओलीनं बुरशी धरली, त्या भंगारात गेल्या. आत घालायला फुकट, ठेवायला किरकोळ भाडं, बघणंही जवळजवळ फुकटच. गल्लीत घरोघरी लिंका गेल्या. मला माझीही मिळाली. मी ती उघडली नाही. स्वतःला फेट्यात बघायला धैर्य लागतं.

वर्षाच्या आत कंपनीचा मेल आला. गल्लीत इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडं असतं. मी शाळेत कारकून आहे, आणि कारकुनाला सगळं येतं हा गल्लीचा गैरसमज मी कधी दूर केलेला नाही. मेलमध्ये दरवाढ हा शब्द कुठंच नव्हता. आमची सेवा अधिक चांगली व्हावी म्हणून दरांचं सुसूत्रीकरण केलं होतं. भाडं तेच. फुकट बघायची मर्यादा मात्र एकदम खाली आणलेली, त्यावर बघितलं की मीटर. आणि सगळी लग्नं उचलून दुसरीकडं न्यायची म्हटलं तर मीटर सगळ्यात महाग.

"म्हंजे आत जायला फुकट, भाईर पडायला तिकीट?"

"तसंच."

"ह्यो ढग कसला, उंदराचा पिंजरा हाय की."

मी जाणत्यासारखं समजावलं. आधी दर खाली ठेवून सगळ्यांचा माल गोळा करायचा, मग हळूच बदलायचे. माल हलवण्यापेक्षा माणूस मुकाट पैसे भरतो, हे त्यांना ठाऊक असतं. मामांनी फोन लावला.

"काका, टेन्शन घेऊ नका," पलीकडून आवाज आला. "प्रायसिंग डायनॅमिक असतं."

"डायनॅमिक म्हंजे?"

"म्हणजे बदलतं."

"कुणाच्या मनानं?"

फोन बंद झाला. टॉवेलला गाठ बसली.

पुढच्या बिलासोबत कुठलं लग्न किती वेळा बघितलं त्याचा तपशील होता. एकच लग्न रोज दुपारी चालू होतं. माझं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर आई मोबाइल डब्याला टेकवून बसलेली. माझ्यावर तिची नजरसुद्धा नव्हती. मांडवाच्या कडेनं तात्या, म्हणजे माझे वडील, बुंदीची बादली घेऊन पळत होते, तेवढं ती बघत होती. तात्या पंगतीआड गेले की बोटानं मागं, परत बादली. तात्या गेल्यापासून घरात त्यांचं नाव निघालं की ती उठून जायची. मला वाटायचं, विसरायला बघतेय.

मी मामांना म्हटलं, "मी आईला सांगतो, बंद कर म्हणून."

"खबरदार! म्हातारीला कळता कामा न्हाय."

"अहो, मीटर पडतोय."

"पडू दे. तात्याच्या बुंदीवर मीटर लावतंय, त्येची गाठ माझ्याशी हाय."

मला काही भरू दिलं नाही. दोन बिलं त्यांनी भरली. तिसऱ्याला कॅमेऱ्याची चांगली लेन्स विकली. चौथं चुकलं तर खातं बंद आणि सगळी लग्नं पुसली जाणार, असा मेलही आला. तोही मीच वाचून दाखवला.

त्याच आठवड्यात जयसिंगपूरचं लग्न होतं. मुलीकडचं काम. दिवा धरणारा आजारी होता म्हणून माझी नेमणूक झाली, जेवणावर. नवरदेव फेटा सावरत आरशातनं म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. फक्त माझं नाक जरा बारीक दिसू दे."

मामांचा डोळा कॅमेऱ्यावरून उठला. फेट्याखाली तोच ढगवाला होता. हात टॉवेलवर गेला. मग अगदी हळू म्हणाले, "दिवा सरळ धर की, सायब."

असं शूटिंग त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. जीव ओतला.

नवरदेव व्हिडिओ न्यायला दुकानात आला. मामांनी स्वतःची खुर्ची दिली. "या पावणं. शूटिंग फुकट. सासऱ्यांची आगाऊ रक्कम परत धाडली."

"फुकट?"

"व्हय. आत घालायला फुकट. ठेवायला फुकट. भाईर काढायचा तेवढा दर हाय."

त्यानं तेव्हा कुठं टॉवेलवरचा चेहरा नीट बघितला.

"अक्षता साध्या दरात. सासूबाईंचं रडणं वरच्या दरात. वरातीतला तुमचा नाच..."

"तो नको."

"त्यो घ्यावा लागतोय. पॅकेजात हाय."

तो कबूल होऊन गेला. दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन आला तर दर दुप्पट.

"काल वेगळं सांगितलं होतं!"

"डायनॅमिक असतंय."

"आधी कळवायला नको?"

"कळवलंय की." मामांनी कॅलेंडर बाजूला केलं. मागं भिंतीवर मुंगीएवढ्या अक्षरांत एक कागद होता.

"ही कानडी आहे! मला कानडी येत नाही."

"मला तरी कुठं इंग्रजी येतंय?"

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. व्हिडिओसाठी पाहुणे येऊन बसले होते. तो घामाघूम झाला. "काका, काय पाहिजे तुम्हाला?"

"माझी लग्नं."

मग त्यानं मान खाली घालून सांगितलं. सोडून जाणाऱ्या गिऱ्हाईकाला बाहेर काढायचा दर एकदा माफ होतो. मागितला तर.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं नाही."

मला वाटलं, आता मामा हात उचलतात. त्यांनी टॉवेलचं दुसरं टोक घेतलं आणि शांतपणे आणखी एक गाठ मारली.

त्यानं तिथं बसूनच माफी मंजूर करून घेतली. लग्नं खाली, नव्या डिस्कांवर उतरायला दिवस गेला. शेवटचं उतरलं तेव्हा मामांनी पहिली गाठ सोडली आणि त्याचा व्हिडिओ त्याच्या हातावर ठेवला. एक पैसा घेतला नाही.

रात्री त्याचा फोन आला. घरच्या टीव्हीसमोर सगळा गोतावळा बसलेला, शेवटची मंगलाष्टका, अंतरपाट खाली, आणि नेमकी नवरा-नवरीच्या पायाशी तांबडी पट्टी सरकत गेलेली: 'अटी लागू. दर कधीही बदलतील.' तो ओरडत होता. मामांनी सगळं ऐकून घेतलं, "टेन्शन घेऊ नका पावणं" म्हणाले आणि दुसरी गाठ सोडली. मग खोकला येईपर्यंत हसले.

तो खोकला पुढं राहिलाच. गेल्या हिवाळ्यात मामा गेले. त्यांच्या डिस्का मामींनी माझ्या कपाटात, वरच्या फळीवर आणून ठेवल्या, सोबत तो टॉवेल. मी दोन्ही टोकं तपासली. एकही गाठ नव्हती. जरा हायसं वाटलं. माझ्या नावाची असायला हरकत नव्हती; माफी मागून बघावी हे मेल वाचणाऱ्या मलाही सुचलं नव्हतं.

आईला मोबाइलवरच बघायचं असतं, म्हणून तिला लागणारं तेवढं एक लग्न मी दुसऱ्या एका स्वस्त कंपनीकडं ठेवलंय. परवा त्यांचा मेल आला. आमची सेवा अधिक चांगली व्हावी म्हणून.

आतल्या खोलीत पंगतीचा गलका चालू होता. तात्या बादली घेऊन पळत असणार. मेल वाचून संपला तेव्हा मामांचा टॉवेल माझ्या हातात होता.

मला गाठ नीट येत नाही. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.