रुद्रप्पांची वाईन

चौसाळ्याच्या रुद्रप्पांना देवानं गळा बेताचाच दिला होता. तरी किराणा दुकान सांभाळून दर सोमवारी महादेवापुढं भजन म्हणण्यात त्यांनी कधी खाडा केला नाही. माणसं मात्र घटत गेली. शेवटी स्वतः रुद्रप्पा, टाळ धरणारा बहिरा सिदू आणि खोबऱ्यासाठी बसणारं कुत्रं, एवढंच भजनी मंडळ उरलं.

देवळाचा कारभार बघणारा बजरंग तोंडावरच म्हणाला, "आप्पा, या सोमवारी माणसं जमली न्हाईत, तर पुढच्या खेपेपासून पेन ड्राईव्हवरची भजनंच लावतो."

रुद्रप्पांना घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर एक जीप थांबली. आत गाणं वाजत होतं, 'तुझ्या नावानं वाईन, एकटाच बसून वाईन.'

आता 'वाहीन'ला सगळं गाव 'वाईन'च म्हणतं. रुद्रप्पांचे डोळे भरून आले. केवढी भक्ती! सोबत कुणी नसलं तरी एकटाच बसून वाहीन म्हणतोय. हे तर आपलंच गाणं. त्यांनी ते पाठ केलं आणि आठवडाभर साखर जोखताना मोठ्यानं म्हटलं. गिऱ्हाइकं हसत होती, ती त्यांना भाविक वाटली.

सोमवारी देऊळ भरलं. ट्रॅक्टरवाली पोरंसुद्धा पुढं येऊन बसली. इतक्यात नात कावेरीनं त्यांना खांबाआड ओढलं.

"आप्पा, त्ये बेल वाहायचं वाईन न्हाई. दारू हाय, द्राक्षाची."

रुद्रप्पांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. "मग एकटाच कशापायी बसलाय?"

"पोरगी सोडून गेली त्येची."

त्यांना क्षणभर त्या पोराची दया आली. मग त्यांनी गर्दीकडं पाहिलं. हेच गाणं ऐकायला आलेली माणसं. ते सोडलं तर चपला शोधायला लागतील. रुद्रप्पा खाकरले आणि त्यांनी सूर लावला, "तुझ्या नावानं बेल वाईन..."

पोरांनी बेल गाळला आणि उरलेलं उचललं. देऊळ दणाणलं. सिदूचा टाळ भलत्याच ठिकाणी वाजत होता.

बायकांतून रुद्रप्पांच्या पत्नी नीलम्मा म्हणाल्या, "हळू म्हणा की ओ, द्येव झिंगंल."

प्रसाद घेताना बजरंगनं मान खाजवली. "पेन ड्राईव्हचं ऱ्हाऊ द्या. पुढच्या सोमवारी काय वाईन?"

"दूध."

"पोरं ऐकतील व्हय?"

"त्येन्ला कुटं वाईनच्या आदीचा शबुद ऐकू येतो," रुद्रप्पा म्हणाले.