चपलांची राखण

शिट्टीसर मैदानात उतरले की भलेभले सुतासारखे सरळ व्हायचे. व्यायामाच्या तासाला कोणी पोटदुखीचं सोंग काढलं, तर सर म्हणायचे, "दुखतंय ना? मग दोन फेऱ्या जास्त मार, दुखणंच पळून जाईल!" हयात गेली माणसाची पोरं पळवण्यात. जाडी, बारकी, रडकी, कोणाची म्हणून गय केली नाही.

फक्त एकीची केली. स्वतःच्या लेकीची.

पाचवीत ती त्यांच्या तासाला आली. अंगाने गुबगुबीत. पहिल्याच शर्यतीत शेवटची आली नि सगळा वर्ग खो खो हसला. सरांच्या काळजात चर्र झालं. दुसऱ्याची पोर असती तर "ऊठ, पुन्हा पळ" म्हणाले असते. हिला म्हणाले, "तू सावलीत बस. सगळ्यांच्या चपला सांभाळ. ते पण मोठं काम असतं, बरं का!"

पोरगी बसली ती बसलीच. घरी दोरीवरच्या उड्या मारायला लागली तरी हे आतून ओरडायचे, "अगं, दम लागेल!" बायको करवादायची, "अहो, पळू द्या की तिला! हसले तर हसले, हसणाऱ्यांचे दात दिसतील!" त्यावर हे, "तुला काय कळतंय त्यातलं?" आता बोला! मैदानातला वाघ घरी लेकीला तळहातावरच्या फोडासारखं जपत होता.

आता सर निवृत्त आहेत. लेकीला एक जिना चढला तरी धाप लागते. डॉक्टर चाला म्हणतात, ती हसून टाळते. सरांना ते आतल्या आत खातं. हिचं गेलं ते गेलं, निदान नातीचं तरी जाऊ नये, म्हणून परवा ते सहा वर्षांच्या नातीला घेऊन मैदानावर गेले. गळ्यात जुनी शिट्टी.

"काढ चपला! त्या झाडापर्यंत कोण आधी पोचतं, बघू."

नातीने चपला काढल्या. आजोबांनाही काढायला लावल्या. दोन्ही जोड भिंतीशी लावले आणि शेजारी फतकल मारून बसली.

"तुम्ही पळा, आजोबा. मी चपला सांभाळते."

"अगं, कोण नेतंय चपला? ऊठ बघू."

"नको. सगळे हसतात." मग आजोबांचीच समजूत काढत म्हणाली, "आई म्हणते, ते पण मोठं काम असतं."

सरांनी शिट्टी तोंडाला लावली, पण न फुंकताच खाली सोडली. मैदानात चिटपाखरू नव्हतं. हसणार तरी कोण होतं?

"चुकलो गं मी," ते म्हणाले.

"असू दे," नात म्हणाली, आणि त्यांचा वाकडा राहिलेला जोड तिने सरळ केला.