ब्रेकबाईंनी गाडी घेतली

शहरातल्या कितीतरी लोकांना ज्यांनी गाडी चालवायला शिकवली, त्या बाईंच्या दारात स्वतःची गाडी कधी उभी राहिली नव्हती. गरजही पडली नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सुटीच्या दिवशी घरी न्यायची मुभा होती आणि बाईंना त्यात समाधान होतं. त्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय उभ्या आयुष्यात त्याच्यावरून हलला नाही, म्हणून शिकणाऱ्या पोरापोरींनी त्यांचं नाव ब्रेकबाई ठेवलं. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "क्लचबाई म्हणाले असते तर बोलले असते," एवढंच म्हणाल्या.

आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सिग्नलला गाडी बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, शिकणाऱ्याला दरदरून घाम फुटायचा. बाई मात्र खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "वाजवू दे त्यांना. त्यांच्या हॉर्नला काम नको का? तू सावकाश चावी फिरव." माणूस दुसऱ्या खेपेला बिनचूक निघायचा.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की खुद्द त्यांच्या नवऱ्याला गाडी येत नव्हती. नवरा सुतार. लग्नानंतर एकदा बाईंनी त्याला मोकळ्या मैदानात नेऊन स्टिअरिंगसमोर बसवलं होतं. जाताना दोघं बोलत गेली, येताना कुणी कुणाशी बोललं नाही. घरी आल्यावर सुतार म्हणाला, "तू गाडी सांभाळ, मी रंधा सांभाळतो. एका घरात एक ड्रायव्हर पुरे." त्यावर पडदा पडला तो पडलाच.

पुढे एक दिवस सुतार माळ्यावरून फळ्या उतरवताना शिडीसकट खाली आला. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण गुडघा पुरता वाकेना. "बिजागरी गंजली," तो भेटायला येणाऱ्यांना सांगायचा, आणि लोक हसले की त्याला बरं वाटायचं. घरालगतच्या कारखान्यात तो बसून होईल तेवढं काम करी. लाकूड मात्र दुसऱ्याने आणून दिलेलं. ते त्याच्या मनासारखं नसे, आणि बोलायची सोयही नसे.

त्याच सुमारास स्कूलच्या मालकाने धंदा आवरला. बाई घरी बसल्या आणि गाडी मालकाकडे गेली. सुताराला व्यायामाच्या उपचारांना न्यायचं, लेकीच्या घरी जायचं, तर आता गाडी हवीच. बाईंनी फार शोधाशोध केली नाही. एका कंपनीच्या दोन गाड्या नक्की केल्या. एक हॅचबॅक, आटोपशीर आणि जमिनीला धरून असलेली. दुसरी तिचीच उंच बहीण, हल्ली जिला क्रॉसओव्हर म्हणतात ती. इंजिन एकच, लांबी जवळपास एकच, फक्त ही पायांच्या बोटांवर उभी राहिल्यासारखी. दोन्ही बिनक्लचच्या. "आयुष्यभर 'क्लच सोड, क्लच दाब' म्हणून जीभ झिजली," बाई म्हणाल्या. "आता तो शब्द घरात नको."

घोडं अडलं ते उंचीपाशी.

लेक फोनवर म्हणाली, "आई, उंचच घे. उंचावरून रस्ता कसा लांबवर दिसतो."

"रस्ता बघितल्याने दिसतो गं. उंटावर बसून झोपलं तर काय दिसणार?"

"मग बाबांचं काय? खाली वाकून बसायचं, परत उठायचं. त्यांना जमणार आहे का?"

"बघू," म्हणून बाईंनी फोन ठेवला. त्यांचं स्वतःचं मत हॅचबॅककडे झुकत होतं. गल्ली अरुंद, वळण अवघड, आणि ठेंगणी गाडी वळणावर डुलत नाही. उंच गाडीच्या डिकीचं दार वर उघडलं की ते धरून खाली ओढायला बाईंना टाचा वर कराव्या लागत. पण नवऱ्याचा पाय म्हटला की ही सगळी कारणं त्यांना आपमतलबी वाटायची. उलट सुतार जिवाच्या आकांताने हॅचबॅकचीच बाजू घेत होता, कारण आपल्या पायासाठी बायकोने नको ती गाडी घ्यावी हे त्याला खपत नव्हतं.

"अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात," तो म्हणाला. "माझा तर कायमचा पसरलेलाच आहे. तू अंथरूण तुझ्या मनासारखं घे."

"अहो, बसायचं तुम्हाला आहे."

"चालवायचं तुला आहे."

असं दोन-तीनदा झाल्यावर सुताराने मोजपट्टी खिशात घातली आणि दोघं शोरूममध्ये जाऊन नुसती मापं घेऊन आली. घरी येऊन त्याने कारखान्यात दोन बाक ठोकले, एक या सीटच्या उंचीचा, एक त्या. दिवसभर तो एकावरून उठायचा, दुसऱ्यावर बसायचा. बाई चहा घेऊन आल्या तेव्हा तो ठेंगण्या बाकावर बसलेला होता.

"बघ, कसा मजेत बसलोय."

"बसलायत हो. आता उठून दाखवा."

"चहा तर पिऊ दे."

चहा झाला, कप रिकामा झाला, तरी तो कपाशी खेळत राहिला. बाईंना समजायचं ते समजलं. त्या कप घेऊन आत गेल्या आणि मुद्दाम वळून पाहिलं नाही. मागे भिंतीला हात टेकल्याचा आवाज आला, मग पाय घासल्याचा.

दुसऱ्या दिवशी दोघं गाड्या चालवून बघायला गेली. विक्रेता मोठा सालस होता. बाईंनी त्यालाच कधीतरी गाडी शिकवली होती, त्यामुळे बोलताना तो अजूनही थोडा सावरून बसायचा. आधी उंच गाडी काढली. सुतार शेजारच्या सीटवर बसला तो जवळजवळ उभ्याउभ्याच. पाय उंबऱ्यावरून आत घ्यायला जरा वेळ लागला, पण उतरताना तो सहज सरकून खाली आला. बाईंनी हे मनात टिपलं.

मग हॅचबॅक. चालवताना बाईंचा चेहरा खुलला. गाडी हाताच्या इशाऱ्याबरोबर वळत होती. सुतार शेजारी बसून म्हणत होता, "हीच. हीच घ्यायची." पण शोरूमच्या दारात परतल्यावर त्याला उतरता येईना. सीट खोल, आणि डावा पाय दाराच्या बाजूला. तो न वाकता बाहेर काढायचा तर दाराचा खांब आड यायचा. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. शेवटी एका हाताला विक्रेता आणि दुसऱ्या हाताला बाई, असं करून त्याला उभं केलं. सुताराने शर्ट नीट केला आणि "धन्यवाद" म्हणाला, ते विक्रेत्याला. बाईंकडे त्याने बघितलं नाही.

"आपण उंचच घेऊ," बाई हळूच म्हणाल्या.

"घे," सुतार म्हणाला.

बाई विक्रेत्याबरोबर आत टेबलाशी गेल्या. रंग कोणता, कधी मिळेल, असं बोलणं चाललं होतं. पण बाईंचं लक्ष लागेना. नवरा बाहेर एकटा उभा असेल, त्याला फार वेळ उभं राहवत नाही, हे मनात आलं आणि त्यांनी काचेतून पाहिलं. तो उभा नव्हता. बाईंनी उतरताना हॅचबॅकचं ड्रायव्हरचं दार उघडंच ठेवलं होतं, आणि बसायला जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून तो तिथे बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तो कुठे बघत नव्हता, काही दाबत नव्हता. नवीन लाकडावरून हात फिरवून बघावा तसा स्टिअरिंगच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

बाई उठून बाहेर आल्या. दाराशी वाकून म्हणाल्या, "आत कसे गेलात?"

"म्हणजे?"

"पाय कसा घेतला आत?"

सुताराने पायाकडे बघितलं, जणू त्यालाही आताच कळत होतं. "हा आधी आत गेला. सरळच्या सरळ. मग मी मागून गेलो."

खरंच होतं. या दाराने डावा पाय आतल्या बाजूला येत होता. त्याला वाकायचं कामच नव्हतं. आत लांबवर तो पसरून ठेवायला जागा होती, कारण तिथे एरवी क्लच असतो आणि या गाडीत तो नव्हता. बाईंनी सीटच्या कडेचा दांडा हाताने खालीवर केला. सीट इंचाइंचाने वर आली. शेजारच्या सीटला हा दांडा नव्हता, फक्त ड्रायव्हरच्या.

"आता उतरा बघू."

तो उतरला. एका हाताने दार धरून, पण आपला आपण.

"उंच गाडीतही बसून बघा. याच बाजूने."

तिथे उंबरा आड आला. न वाकणारा पाय तेवढा वर उचलायचा म्हणजे सुताराला दोन्ही हातांनी मांडी धरावी लागली. तो खाली उतरला आणि दोघं दोन गाड्यांच्या मधे उभी राहिली. विक्रेता दारात येऊन थांबला होता.

"अहो," बाई म्हणाल्या, "इतके दिवस आपण तुम्हाला शेजारी बसवूनच मापं घेत होतो."

"मग? मला चालवता कुठे येते?"

"मला शिकवता येते."

सुताराने हॅचबॅकच्या छपरावर हात टेकला. मग म्हणाला, "मैदान आठवतंय ना?"

"आठवतंय. तेव्हा मी नवी होते. ओरडले होते तुमच्यावर."

"तू नाही, मी ओरडलो होतो."

"मग आता दोघंही ओरडायचं नाही."

हॅचबॅक घेतली. लेकीला कळवलं तेव्हा ती आधी चक्रावली, मग तिने बाबांनाच फोनवर मागितलं. सुतार तिला म्हणाला, "ठेंगणी आहे, पण माझ्या पायाला बरोबर पुरते."

डॉक्टरांनी पाय तपासून हरकत नाही असं लिहून दिलं आणि शिकवणं सुरू झालं. बाईंना प्रथमच अशा गाडीत शिकवावं लागत होतं जिच्यात त्यांच्या पायाखाली काही नव्हतं. पहिले काही दिवस त्यांनी पायपुसणंच इतकं दाबलं की संध्याकाळी पोटरी दुखायची. सुतार शिकायला मंद होता आणि हट्टीही. गाडी कडेला लावताना तो मान काढून चाकापासून कडेपर्यंतचं अंतर बघायचा आणि पुन्हा पुढे घेऊन पुन्हा लावायचा.

"चालेल हो, लागली."

"चालेल म्हणून लावायची नसते. बरोबर लागली पाहिजे."

बाई खिडकीबाहेर बघायच्या आणि थांबायच्या. वाट बघणं त्यांना जमत होतं. एकदा मात्र मागून मोठी गाडी आली, सुतार गडबडला आणि बाईंच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं, पण मोठ्याने. सुताराने पुढचं वळण नीट घेतलं. मग सुतार म्हणाला, "हे ओरडणं धरायचं का?" आणि दोघांनाही हसू आलं.

परीक्षेत तो एकदा नापास झाला, कारण घाबरून गाडी इतकी हळू चालवली की परीक्षकाने घड्याळ पाहिलं. दुसऱ्यांदा पास झाला.

लायसन्स हातात आल्यावर पहिल्यांदा तो कुठे गेला असेल, तर लाकडाच्या वखारीत. बाई शेजारी होत्याच. वखारवाला बाहेर आला, ड्रायव्हरच्या दारातून सुतार उतरताना बघून त्याने आत हात दाखवला. सुतार कितीतरी वेळ फळ्यांच्या थप्प्यांमधून फिरला. एकेक फळी उभी करून एका डोळ्याने तिची कड बघितली, बोटाच्या पेराने ठोकून ऐकली आणि बाजूला ठेवली. बाई गाडीत बसून त्याला बघत राहिल्या. असं फिरताना त्यांनी त्याला पडल्यापासून पाहिलं नव्हतं.

शेवटी त्याने एक निवडली. ती डिकीत मावेना. मागची सीट पाडली तरी टोक दोघांच्या मधून पुढे आलं. उंच गाडी असती तरी फळीला लांबी काही जास्त मिळाली नसती, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी टोकाखाली आपली ओढणी घडी करून ठेवली आणि फळी एका हाताने धरून बसल्या.

"जड होतेय का?" सुताराने विचारलं.

"नाही. चला सावकाश."

त्याने आरशात पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, आणि गाडी वखारीच्या फाटकातून रस्त्यावर घेतली.